खात्री होण्याआधीचा तास : लहान मुलांमधला सेप्टिक शॉक आणि पहिले उपचार

श्रोतेहो, सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. आमच्या नावाआधी 'डॉ.' लागतं, पण ते तत्त्वज्ञानाच्या प्रबंधाचं. गावात लोक ते 'डॉ.' बघून तापाचं, खोकल्याचं विचारतात, आणि आम्ही त्यांना खऱ्या डॉक्टरांकडे धाडतो. मग आज विषय लहान मुलांमधल्या सेप्टिक शॉकचा का घेतला? कारण आम्ही आयुष्यभर एकच प्रश्न शिकवला : माणसाला एखादी गोष्ट 'कळली' असं केव्हा म्हणायचं? आणि पुरतं कळण्याआधी त्यानं काही करावं की नाही? वर्गात हा प्रश्न निवांत चर्चेचा असतो. रावेरच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता पाल भागातल्या एखाद्या पाड्यावरून आई-बाप तापानं निपचित झालेलं पोर घेऊन येतात, तेव्हा तोच प्रश्न ड्युटीवरच्या डॉक्टरपुढे असतो. फरक इतकाच, की त्यांच्या हातात फार तर तासभर असतो.

आधी हा आजार काय ते समजून घेऊ. जंतुसंसर्ग कुठंही होऊ शकतो. फुफ्फुसात, पोटात, लघवीच्या मार्गात, एखाद्या चिघळलेल्या जखमेत. बहुतेक वेळा शरीर तो तिथल्या तिथं निस्तरतं. काही वेळा मात्र जंतूंशी लढण्याची शरीराची व्यवस्थाच बेताल होते आणि तिच्या माऱ्यात शरीराचेच अवयव सापडतात. याला सेप्सिस म्हणतात. त्यात रक्ताभिसरण कोलमडलं, की तो सेप्टिक शॉक. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी पाझरून बाहेर जातं, काही वाहिन्या सैलावतात, हृदयाची पकड ढिली होते. परिणाम एकच, पेशींपर्यंत प्राणवायू पुरेसा पोचत नाही. नळाला पाणी आहे, पण मळ्याच्या शेवटच्या सरीपर्यंत जात नाही, असं म्हणा. केळीच्या मुलखात ठिबकचा दाब पडला की काय होतं हे आम्ही सांगायला नको.

आता लहान मुलाच्या शरीराची एक खोड सांगतो. मोठ्या माणसात रक्तदाब तुलनेनं लवकर घसरतो. मूल मात्र फार वेळ झुंजतं. त्याचं हृदय जोरात धावू लागतं, हातापायांच्या वाहिन्या आवळल्या जातात, आणि मेंदू-हृदयाकडचा पुरवठा कसाबसा टिकवला जातो. म्हणून रक्तदाबाचा आकडा बराच वेळ ठीक दिसतो. तो पडतो तेव्हा मुलाची शिल्लक संपत आलेली असते. 'बीपी नॉर्मल आहे, म्हणजे शॉक नाही' हे वाक्य मोठ्यांच्या वॉर्डातून मुलांच्या वॉर्डात आणलं, की घात होतो.

मग ओळखायचं कशावरून? न्यायदर्शनातलं जुनं उदाहरण तुम्हांला ठाऊक आहे. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथं अग्नी आहे हे आपण जाणतो. अग्नी डोळ्यांना दिसलेला नसतो. तरी ते अनुमान आहे, नुसता अंदाज नव्हे. सेप्टिक शॉकचा अग्नी म्हणजे रक्ताच्या तपासणीत वाढलेले जंतू. तो अहवाल यायला एक-दोन दिवस तरी जातात, आणि अनेकदा खरा सेप्सिस असूनही त्यात जंतू सापडत नाहीत. म्हणून धुरावरच काम चालवावं लागतं. हा धूर मुलाच्या अंगावर वाचता येतो. ताप आहे, पण तळहात-तळपाय थंडगार आहेत. छातीवर किंवा बोटाच्या टोकाला चार-पाच सेकंद दाबून सोडलं, तर पांढरी पडलेली जागा दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी, ती होत नाही. कातडीवर निळसर, जाळीदार डाग उठतात. श्वास भराभर चालतो. सहा-आठ तास लघवी नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मूल आईकडे नेहमीसारखं बघत नाही. कधी उगाच चिडतं, किरकिरतं, आणि मग शांत होतं. ते शांत होणं फसवं असतं. घरचे म्हणतात, 'आता झोपलं, बरं वाटतंय.'

नैयायिक इथंच एक इशारा देतात. खूण आहे पण ज्याची ती खूण ते नाही, असंही घडू शकतं. याला ते व्यभिचार म्हणतात. साध्या तापातही नाडी धावते, थंडी वाजत असताना हात गार पडतात. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. अनेक खुणा एकत्र बघाव्यात, आणि ताप उतरल्यावर पुन्हा बघाव्यात. ताप खाली आला तरी नाडी धावतेच आहे, मूल मलूलच आहे, तर तो धूर खरा.

खुणा वाचायला एमबीबीएस व्हावंच लागतं का? याचं उत्तर आपल्याच राज्यात मिळालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९३ पासून ३९ गावांत नवजात बाळांचा अभ्यास केला. तुलनेसाठी आणखी ४७ गावं घेतली. पुढे त्या ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायकांना प्रशिक्षण दिलं. बाळाचा जंतुदोष ओळखायच्या ज्या खुणा त्यांना शिकवल्या, त्यांतल्या काहींची रचना बघा : आधी चांगलं रडत होतं, आता रडणं क्षीण झालं, आधी चांगलं ओढून प्यायचं, आता पीत नाही, आधी हालचाल चांगली होती, आता लुळं पडलं. या 'आधी' आणि 'आता'मध्ये सगळं आलं. यंत्र त्या क्षणाचा आकडा देतं. बदल कोणाला कळतो? जी सतत जवळ असते तिला. अशा दोन खुणा एकाच वेळी दिसल्या, की जंतुदोष समजायचा, दवाखान्यात न्यायला सांगायचं, आणि घरचे नेत नसतील तर त्यांच्या संमतीनं घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडानं को-ट्रायमोक्साझोल सुरू करायचं.

गावातली बाई तान्ह्या बाळाला इंजेक्शन देणार, यावर तेव्हा मोठमोठ्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. आकडे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. जंतुदोष झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं होतं. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता एकूण नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. त्या कामातून पुढे आशा कार्यकर्तीच्या घरभेटींचा देशव्यापी कार्यक्रम उभा राहिला.

आता हे नीट लक्षात घ्या, की गडचिरोलीची ती बाळं सगळी शॉकमध्ये नव्हती. बहुतेक शॉकच्या अलीकडच्या टप्प्यावर पकडली गेली. तिथं यश आलं ते म्हणूनच. दवाखाना लांब होता हे तिथंही खरं होतं, पण पहिला उपचार मात्र दारात आला होता.

इथं आम्ही आजच्या मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्या भागात एक वाक्य फार ऐकू येतं : 'केस सिरीयस आहे, जळगावला न्या.' जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, न्यायला हवंच. पण रावेरहून जळगाव साठ-सत्तर किलोमीटर. गाडी मिळणं, रस्ता, तिथं पोचल्यावर केसपेपर, सगळं धरलं तर दोन-अडीच तास सहज जातात. मूल पाड्यावरून आलेलं असेल तर त्याआधीचे तास वेगळेच. या दोन-अडीच तासांत मुलाला नुसतं 'पाठवलेलं' असतं. पाठवणं हा उपचार नव्हे.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात एक अभ्यास झाला, तो आम्हांला रावेरसाठीच केल्यासारखा वाटतो. १९९३ ते २००१ या काळात आसपासच्या छोट्या रुग्णालयांतून सेप्टिक शॉकमध्ये तिथं हलवलेल्या ९१ मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांतली २६ दगावली होती. पण २४ मुलं अशी होती, की त्यांचा शॉक छोट्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनीच, साधारण सव्वा तासात, आटोक्यात आणला होता. त्यांतली ९६ टक्के वाचली. शॉक तसाच राहिलेल्या प्रत्येक जादा तासामागे मृत्यूचा संभव दुपटीहून अधिक वाढत गेला. कोणी शंका काढील, की लवकर सावरलेली मुलं मुळातच कमी आजारी असतील. शंका रास्त आहे, अशा अभ्यासात ती उरतेच. पण तरीही लक्षात येतं ते हे, की मुलाचं भवितव्य मोठ्या रुग्णालयाच्या दारात ठरत नव्हतं. ते बरंचसं छोट्या रुग्णालयात ठरून गेलेलं असायचं.

मग त्या तासात करायचं काय? तपशील डॉक्टरांचा प्रांत आहे, पण ऐकणाऱ्यांना अंदाज असावा म्हणून सांगतो. प्राणवायू लावायचा. शीर शोधायची, आणि पाच मिनिटांत मिळाली नाही तर शोधत बसायचं नाही, गुडघ्याखाली नडगीच्या हाडात खास सुई घालायची. हाडाच्या पोकळीतून औषध शिरेइतक्याच वेगानं रक्तात जातं. ऐकायला क्रूर वाटतं, नातेवाईक घाबरतात, पण ती सुई जीव वाचवते. रक्तातली साखर बघायची, लहान मुलांत ती झपकन उतरते. जमल्यास तपासणीसाठी रक्त काढून ठेवायचं, पण त्यापायी औषध अडवायचं नाही. आणि प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, शिरेतून सुरू करायचं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मुलांसाठी २०२० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की शॉक ओळखल्यापासून तासाभरात पहिला डोस गेला पाहिजे. सेफ्ट्रायाक्झोनसारखं औषध ग्रामीण रुग्णालयात असतं, त्यासाठी जळगाव गाठावं लागत नाही.

आता एक आक्षेप घेऊ, तो हलका नाही. प्रत्येक तापाला सेप्सिस समजून इंजेक्शन ठोकत गेलो तर जंतू औषधांना दाद देईनासे होतील. आपल्याकडे ते होतंच आहे. त्या सूचनांनी यावर विवेक केलेला दिसतो. शॉक असेल तर एक तास. शॉक नाही पण सेप्सिसची शंका आहे आणि अवयवांवर परिणाम दिसतोय, तर तीन तासांपर्यंत थांबून तपासण्या करा, मग ठरवा. म्हणजे किती खात्री हवी, हे चुकीची किंमत किती यावर ठरवलंय. शॉकमधल्या मुलाला औषध उशिरा मिळालं तर किंमत जीव. शॉक नसलेल्या मुलाला एखादा डोस फुकट गेला तर किंमत त्या मानानं थोडी, पण असे लाखो डोस झाले की तीच मोठी. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही पुरावा किती भक्कम आहे एवढंच विचारायला शिकवतो. तो पुरावा कशासाठी वापरायचाय, हे विचारायला वैद्यक शिकवतं.

ही गोष्ट सलाईनच्या बाबतीत फार स्पष्ट होते, म्हणून तिथं जरा थांबू.

आपल्याकडे सलाईनवर केवढी श्रद्धा! अशक्तपणा आला, सलाईन लावा. कामावर जायचंय, एक बाटली चढवा. बाटली लागली नाही तर डॉक्टरनं काही केलंच नाही असं वाटतं. सेप्टिक शॉकमध्ये मात्र सलाईनला खरा अर्थ आहे, कारण वाहिन्यांतलं पाणी पाझरून गेलेलं असतं. १९९१ साली अमेरिकेतल्या ३४ मुलांचा एक अभ्यास आला. पहिल्या तासात ज्यांना वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिलिटरहून जास्त द्रव मिळाला होता, त्या ९ मुलांतलं एकच दगावलं, बाकीच्या गटांत निम्म्याहून जास्त. तिथून पुढे वीस वर्षं 'भराभर द्रव द्या' हा जवळपास मंत्रच झाला.

मग २०११ साली आफ्रिकेतून धक्का बसला. युगांडा, केनिया आणि टांझानियात, अतिदक्षता विभाग नसलेल्या रुग्णालयांत, ताप आणि रक्ताभिसरण बिघडल्याच्या खुणा असलेल्या ३,१४१ मुलांवर चाचणी झाली. काहींना भराभर सलाईन, काहींना भराभर अल्ब्युमिन, आणि काहींना भराभर काहीच नाही, फक्त औषधं आणि रोजच्या गरजेपुरता द्रव. ४८ तासांत पहिल्या दोन गटांत १०.५ आणि १०.६ टक्के मुलं दगावली. तिसऱ्या गटात ७.३ टक्के. ज्यांना मंत्राप्रमाणे उपचार मिळाला त्यांत मृत्यू जास्त! चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. त्या मुलांत निम्म्याहून अधिकांना मलेरिया होता, पुष्कळांना तीव्र रक्तक्षय होता, कृत्रिम श्वासाची सोय नव्हती. म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा मुंबईच्या अतिदक्षता विभागाला लागू होत नाही. पण पाड्यावरचं फिकट, कुपोषित मूल आणि ग्रामीण रुग्णालय? ते मुंबईपेक्षा त्या आफ्रिकी वॉर्डाच्या जवळचं आहे, असं आमचं मत.

२०२० च्या सूचनांनी हा फरक मान्य केला. अतिदक्षतेची सोय हाताशी असेल तर पहिल्या तासात किलोमागे ४० ते ६० मिलिलिटरपर्यंत, पण एका वेळी १० ते २० असं मोजून. तशी सोय नसेल आणि रक्तदाब पडलेला नसेल, तर भराभर द्रव नको, नेहमीच्या गतीनं द्या. सोय नसूनही रक्तदाब पडला असेल, तर ४० पर्यंत, तोही तसाच टप्प्याटप्प्यानं.

तुमच्यातल्या चौकस माणसाला इथं विसंगती दिसेल. मघाशी आम्ही म्हणालो, रक्तदाबाची वाट बघू नका. आणि आता सलाईनसाठी रक्तदाब बघा म्हणतो? दोन्ही खरं आहे. औषधाचं घड्याळ वेगळं, सलाईनचं वेगळं. अँटिबायोटिक, प्राणवायू, साखर, वरच्या रुग्णालयाला फोन, या गोष्टी धूर दिसताच करायच्या, कारण चुकलो तरी फार बिघडत नाही. द्रवाचा लोंढा मात्र चुकला तर मारतो, म्हणून त्याला जास्त पुरावा मागायचा. एकाच मुलाच्या बाबतीत, एकाच वेळी, दोन निर्णयांना दोन वेगळ्या मापांची खात्री लागते. हे ज्याला पटलं त्याला निम्मा विषय कळला.

आणि माप म्हणजे खरोखर माप. बारा किलोच्या मुलाला किलोमागे १० म्हणजे १२० मिलिलिटर. अर्धा लिटरच्या बाटलीचा चौथा हिस्सासुद्धा नाही. किलोमागे ४० म्हणजे ४८०, जवळजवळ अख्खी बाटली. 'बाटली लावली' या नोंदीला म्हणून काही अर्थ नाही. आधी मुलाचं वजन करा, मग किती मिलिलिटर गेले ते लिहा.

प्रत्येक टप्प्यानंतर मुलाकडे परत बघायचं. न्यायभाष्यकार वात्स्यायनानं ज्ञानाची कसोटी प्रवृत्तिसामर्थ्य सांगितली, म्हणजे त्या ज्ञानानुसार वागल्यावर फळ मिळतं का. समोर पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली, तर ते मृगजळ नव्हतं. इथंही तसंच. मोजका द्रव दिला. नाडी थोडी उतरली, पाय उबदार झाले, पोरानं डोळे उघडून आईला ओळखलं, तर अनुमान बरोबर. उलट श्वास वाढला, छातीत बुडबुड ऐकू आली, उजव्या बरगडीखाली यकृत बोटभर खाली उतरलेलं हाताला लागलं, तर हृदयाला तो भार झेपत नाही. तिथं द्रव थांबवायचा आणि हृदयाला जोर देणारं औषध सुरू करायचं. मुलांत आता डोपामिनपेक्षा अ‍ॅड्रिनलिन किंवा नॉरअ‍ॅड्रिनलिन पसंत करतात, आणि मोठी नळी घालेपर्यंत ते हाताच्या शिरेतूनही, लक्ष ठेवून, सुरू करता येतं.

जाता जाता व्याख्येबद्दल एक सांगतो, कारण व्याख्या हा आमच्या धंद्याचा भाग. मुलांच्या सेप्सिसची नवी व्याख्या जानेवारी २०२४ मध्ये आली, 'फिनिक्स' निकष म्हणून. अवयव किती बिघडले त्याचे गुण द्यायचे, दोन झाले की सेप्सिस. ती करणाऱ्यांनीच बजावलंय, की हे निकष लवकर ओळखण्यासाठी नाहीत. ते मोजणीसाठी, अभ्यासासाठी आहेत. दोन गुण भरेपर्यंत थांबणं म्हणजे घर पेटल्याची पंचनाम्यानं खात्री करून मग बंब बोलावणं.

शेवटी सभागृहातून एक चिठ्ठी आली आहे : 'आशाताई आणि आई-बापांनी नेमकं काय करायचं?' घरी उपचार करायचा नाही, हे आधी. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल आणि पीत नसेल, थंड पडलं असेल किंवा तापलं असेल, तर त्याच दिवशी, त्याच तासाला निघायचं. मोठं मूल असेल तर मघाशी सांगितलेल्या खुणा बघायच्या. १०८ ला फोन करताना 'ताप आहे' एवढंच सांगू नका. 'ताप आहे, हातपाय गार आहेत, मूल ओळखत नाही, सकाळपासून लघवी नाही' असं सांगा. दृष्ट काढायची असेल तर काढा, आमचं भांडण नाही, फक्त ती गाडीत बसून काढा. पुढे पाठवताना दवाखान्याकडून एक चिठ्ठी मागून घ्या. त्यावर मुलाचं वजन, कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, द्रव किती मिलिलिटर गेला आणि शेवटची लघवी केव्हा झाली, एवढं हवं. चिठ्ठी मिळाली नाही तर ड्रायव्हरकडून पेन घ्या आणि वेळ स्वतःच्या तळहातावर लिहा.